डिझायनर फिगर जमवताना: खोकं फोडण्याआधी आणि नंतरचा पहिला तास

दिवाळी आठवड्यावर आली की बेळगावात पोरांचे हात चिखलात जातात. अंगणात, परसात, गल्लीच्या तोंडाशी किल्ले उभे राहतात आणि शेवटी बाजारातून मातीचे मावळे येतात. माझे आजोबा मावळा घेताना तो आधी उलटा करून बघायचे. बूड सपाट आहे का, मानेपाशी चीर आहे का, भाला धरलेला हात अंगाला नीट चिकटलाय का. मिशी वाकडी रंगवलेली असली तरी घ्यायचे. "रंग घरात बी लावता येतंय की. चीर न्हाई भरून येत," एवढंच सांगायचे.

मी आता उद्यमबागेत एका फौंड्रीच्या तपासणी विभागात काम करतो. दिवसा कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासतो; रात्री कपाटातल्या फिगर, म्हणजे हौसेने जमवलेली पात्रांची खेळणी, न्याहाळतो, आणि दोन्हीकडे आजोबांचीच चाळणी लावतो. अलीकडे खानापूर, निपाणी, चिकोडीकडची कॉलेजची मुलं विचारतात, "दादा, पहिलीच एक्सक्लुझिव्ह मागवली, एक डोळा तिरका आलाय, काय करू?" एक्सक्लुझिव्ह म्हणजे ठरावीक ठिकाणीच किंवा ठरावीक लोकांनाच मिळणारी फिगर. या मुलांसाठी हे क्रमाने लिहून ठेवतोय.

आपण काय घेतोय ते आधी ओळखा

'ॲक्शन फिगर' हा शब्द हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली जी. आय. जो या बारा इंची सैनिकासाठी रूढ केला. 'बाहुली' म्हटलं तर मुलगे हात लावणार नाहीत अशी तेव्हा धास्ती होती. सांधे वळतात ती ॲक्शन फिगर. एकाच पवित्र्यात उभी ती पुतळी.

डिझायनर फिगरची वाट निराळी आहे. इथे कलाकार स्वतःच्या कल्पनेतलं पात्र थेट खेळण्याच्या रूपात घडवतो. हाँगकाँगच्या मायकेल लाऊ यांची 'गार्डनर' मालिका १९९९ साली आली, तिथून हा प्रवाह नजरेत भरायला लागला. जपानच्या मेडिकॉम टॉयचं बेअरब्रिक नावाचं अस्वल २००१ पासून आहे. त्याचं माप टक्क्यांत सांगतात: १०० टक्के म्हणजे ७ सेंटिमीटर, ४०० टक्के म्हणजे २८, १००० टक्के म्हणजे ७०. ॲश्ली वूड या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचे थ्री-ए कंपनीचे गंजके, धुरकटलेले यंत्रमानव मला फार आवडतात. अमेरिकेतल्या फोर हॉर्समन स्टुडिओने २०१५ मध्ये लोकवर्गणीतून 'मिथिक लीजन्स' ही फिगरची मालिका सुरू केली. तिच्यात मुंडकी, हात, चिलखतं एकमेकांत बदलता येतात. नवख्याने सुरुवात तिथून केली तर हात लवकर बसतो.

मापाचं बोलायचं तर १/६ म्हणजे साधारण बारा इंच, १/१२ म्हणजे सहा, १/१८ म्हणजे पावणेचार. पहिल्या दोन-तीन फिगर १/१२ मधल्याच घ्या. कपाटात मावतात, भाडं कमी पडतं, आणि सांधे, रंग, सुटे भाग या सगळ्याचा अभ्यास त्यांच्यात होतो.

आता 'एक्सक्लुझिव्ह'. काही फिगर फक्त एखाद्या मेळाव्यात विकतात, सॅन दिएगो कॉमिक-कॉन हा त्यातला सगळ्यात गाजलेला. काही एकाच दुकानासाठी वेगळ्या रंगात काढतात, काही सभासदांनाच मिळतात, काहींच्या तळव्यावर नग क्रमांक असतो. काहींची मागणी ठरावीक दिवसच घेतात आणि तेवढेच नग बनवतात. पैसे भरल्यापासून हातात यायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट अशी की मोजकेच नग बनले म्हणजे बदलीचे नगही मोजकेच असतात. साध्या फिगरचा हात सैल निघाला तर दुसरी पाठवतात. इथे पहिल्या आठवड्यात तक्रार गेली तर निदान सुटा हात मिळण्याची आशा असते, तीन महिन्यांनी लिहिलंत तर त्यांच्याकडेही काही उरलेलं नसतं.

पैसे भरण्याआधीची तयारी

परदेशातून मागवताना शुल्काचा हिशोब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. त्यावर जीएसटी वेगळा. आकारणी वस्तूच्या किमतीत भाडं मिळवून होते. म्हणजे फिगर पाच हजारांची आणि भाडं एक हजार, तर शुल्क सहा हजारांवर; ७० टक्क्यांनी नुसतं मूळ शुल्कच ४,२०० रुपये. वैयक्तिक वापराच्या पार्सलसाठी वेगळं शीर्षक आणि वेगळा दर असतो, आणि हे दर अर्थसंकल्पागणिक हलतात. म्हणून मागवायच्या आठवड्यातला दर कुरिअरवाल्याला विचारूनच पुढे जा. विक्रेत्याला किंमत कमी दाखवायला सांगू नका. पार्सल अडकतं, आणि वाटेत हरवलं तर भरपाईही त्या खोट्या आकड्याचीच मिळते.

पत्त्यात आपल्या भागाची एक खास अडचण आहे. २०१४ च्या नोव्हेंबरपासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण कित्येक परदेशी अर्जांत जुनंच स्पेलिंग आहे. काही जण सवयीने किंवा मनापासून राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र भरतात. भावना मला समजते, घरात आम्हीही तेच बोलत मोठे झालो. पण पार्सलला पिनकोड आणि राज्य जुळलेलं लागतं. ५९० किंवा ५९१ ने सुरू होणारा पिन आणि कर्नाटक. नाव आधार किंवा पॅनवर आहे तसंच लिहा, कारण कुरिअरने येणाऱ्या मालाला सीमाशुल्कासाठी ओळखपत्र लागतं.

पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा. माल आला नाही किंवा भलताच आला तर बँकेकडे वाद नोंदवता येतो. थेट खात्यावर पाठवलेल्या पैशाला तो आधार नाही. मात्र या वादालाही मुदत असते. वर्षभराने येणाऱ्या प्री-ऑर्डरची पूर्ण रक्कम आधीच भरायची असेल तर बँकेला ती मुदत विचारून ठेवा.

आणि एक कागद घ्या. काय चालेल, काय चालणार नाही ते मागवण्याआधी लिहा. आमच्याकडे प्रत्येक कास्टिंगच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, दिलेला असतो, म्हणून तपासणीत भांडण होत नाही. फिगर हातात आल्यावर मन दोन टोकांना धावतं: एक तर आनंदात खोट दिसत नाही, नाहीतर निराशेत मुंगीएवढा ठिपकाही डोंगर वाटतो. माझा टॉलरन्स असा आहे. हात लांब करून धरलेल्या फिगरवर जी रंगाची चूक दिसत नाही ती चूक मी धरत नाही. सांध्यातली चीर, तुटलेला पेग (भाग जोडणारी खुंटी), चुकीचा अवयव आणि गायब वस्तू या चार गोष्टी कितीही लहान असल्या तरी चालवून घेत नाही.

पहिला तास

कुरिअरचा मुलगा दारात घाईत असतो. "काय ओ, सही करा की लवकर, अजून शहापूर करायचंय," असं म्हणतोच. दोन मिनिटं थांबवा. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा. कोपरा दबलेला असेल तर त्याच्या नोंदीवरच 'खोकं दबलेलं' असं लिहून सही करा.

मग टेबल, चांगला उजेड आणि फोन पकडायला घरातलं कुणीतरी. माझी धाकटी बहीण हे काम मनापासून करते. व्हिडिओ एकसलग हवा, मध्ये थांबवू नका. लेबल दाखवा, चिकटपट्टी कापताना दाखवा, आतलं खोकं सगळीकडून फिरवून दाखवा. पहिल्यांदा मी हे केलं नव्हतं. जानेवारीतली गारठ्याची सकाळ होती. खोकं फोडल्याफोडल्या हात बदलायला गेलो आणि मनगटाचा पेग आतच तुटून राहिला. बाहेरचं खोकं तोवर भंगारात गेलेलं. विक्रेत्याने उघडतानाचा व्हिडिओ मागितला, माझ्याकडे नव्हता. पेग आधीच तडकलेला होता अशी माझी आजही खात्री आहे, पण त्याला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

आतलं खोकं फोडण्याआधी खिडकीतून पाहा. चेहरा, डोळे, दोन्ही हात तिथूनही दिसतात. काही विक्रेते आतलं खोकं न फोडलेला मालच परत घेतात, म्हणून मोठी खोट बाहेरूनच दिसली तर तिथेच थांबा.

फोडल्यावर आधी मोजणी. खोक्याच्या पाठीवरच्या चित्राशी एकेक वस्तू जुळवा: तलवार, ढाल, जादा हात, जादा मुंडकं, स्टँडचा अडकवायचा काटा. मोजेपर्यंत ट्रे टाकू नका. बारीक हात प्लॅस्टिकच्या खाचेत मागच्या बाजूने लपलेले असतात.

नंतर डावं-उजवं. दोन डावे हात, उलटे बसलेले पोटऱ्यांचे भाग, आडनीड खांदे हे नवख्याला चटकन कळत नाही, कारण एकेक भाग स्वतंत्रपणे बरोबरच असतो. फिगर सरळ उभी करून अंगठे कुठे आहेत बघा, गुडघ्याची वाटी पुढे आहे का बघा, दंडाचा फुगवटा दोन्हीकडे बाहेर आहे का बघा.

सांधे सगळ्यात शेवटी. दोन बोटांच्या चिमटीने वळेल तेवढंच वळवा. अडलं की थांबा. जोर लावायचा मोह याच क्षणी होतो आणि बहुतेक फिगर याच क्षणी तुटतात.

खोट कुठून येते

कारण कळलं की काय दुरुस्त होईल तेही कळतं, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

फिगर बहुधा पोलादी साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबून बनते. साच्याचे दोन अर्धे जिथे भेटतात तिथे रेघ उमटते, तिला आम्ही पार्टिंग लाइन म्हणतो. साचा झिजला की त्या रेघेतून पातळ पापुद्रा बाहेर येतो, तो फ्लॅश. उद्यमबागेत काम केलेल्या कुणालाही हे दोन शब्द सांगावे लागत नाहीत. रेघ ही प्रक्रियेची खूण आहे, ती असणारच. पापुद्रा मात्र काढायला हवा होता.

डोळे बहुधा टॅम्पो छपाईने उमटवतात. सिलिकॉनची मऊ गादी शाई उचलते आणि चेहऱ्यावर ठेवते. मुंडकं धारकात केसभर फिरलं की बुबुळ तिरकं पडतं. बाकीचा रंग साच्याच्या मुखवट्यातून फवारतात किंवा माणसं हाताने लावतात. पट्ट्याच्या कडेला रंग ओघळलेला दिसतो तो त्यातला. हाच रंग सांध्यात शिरून वाळला की सांधा चिकटतो. आपण जोर लावतो तेव्हा वाळलेला रंग टिकून राहतो आणि त्यापेक्षा कमजोर असलेला पेग पिळवटून तुटतो.

लांब तलवार वाकडी येते कारण ती मऊ पीव्हीसीची असते आणि महिनोन् महिने ट्रेमध्ये दाबून राहते. ही खोट बघून घाबरू नका, दहा मिनिटांचं काम आहे. एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या भागावर वळणापाशी पांढुरकी रेघ दिसली तर मात्र सावध व्हा. तिथे प्लॅस्टिक ताणलं गेलंय आणि चिरेची सुरुवात तिथूनच होते. तिचा जवळून, तिरक्या उजेडात फोटो घ्या.

नकली मालाची ओळखही याच ज्ञानातून होते. मूळ फिगरवरून साचा उठवला की बारकावे बोथट होतात, बोटांमधल्या खाचा भरतात, प्लॅस्टिक तेलकट चमकतं आणि खोकं उघडताच उग्र वास येतो.

तक्रार

दुरुस्तीला हात लावण्याआधी पत्र जायला हवं. एकदा तुम्ही घासलंत, चिकटवलंत, रंगवलंत की खोट कुणाची हे ठरवता येत नाही. त्याच दिवशी लिहा. ऑर्डर क्रमांक, कोणता भाग, काय झालंय, आणि तुम्हाला काय हवंय. हे शेवटचं बरेच जण लिहीतच नाहीत. 'खूप निराश झालो' वाचून विक्रेत्याला पुढे काय करायचं ते कळत नाही. 'उजव्या मनगटाचा पेग आत तुटलेला आहे, उजवा पंजा आणि पुढचा हात पाठवा' असं लिहिलं की त्याचा माणूस उठून गोदामात जातो. पाच फोटो पुरतात: पूर्ण फिगर, खोटीचा जवळून एक, दुसऱ्या बाजूच्या चांगल्या भागाशी तुलना, खोक्यावरचा क्रमांक, पार्सलचं लेबल.

परदेशी विक्रेत्याकडे अख्खी फिगर परत पाठवणं आपल्याला परवडत नाही. जातानाचं भाडं आपलं आणि बदली नग आला की पुन्हा शुल्काची कटकट. म्हणून मागणी सुट्या भागाची करा, तो नसेल तर किमतीचा काही हिस्सा परत मागा.

विक्रेता भारतातला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ई-कॉमर्सचे नियमही त्याच वर्षी आले. आधी विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर. तिथेही जमलं नाही तर दुकान मुंबईत असो की दिल्लीत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे बेळगावातच, दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

घरची दुरुस्ती

उत्तर आलं, भाग मिळणार नाही असं ठरलं, किंवा खोट तुमच्या टॉलरन्समध्ये बसली, की मग बाही वर करायची.

वाकडी तलवार, वाकडा भाला: पाण्यातून वाफ निघायला लागली पण उकळी फुटली नाही अशा वेळी गॅस बंद करा. भाग चिमट्याने अर्धा-एक मिनिट बुडवा, सपाट फळीवर सरळ धरा आणि लगेच गार पाण्यात टाका. गार पाणी विसरलात तर तो परत वाकतो. कापडी कपडे, चुंबक किंवा दिवे असलेला भाग पाण्यात घालायचा नाही.

चिकटलेला सांधा: हेअर ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट, मग इकडे-तिकडे अगदी किंचित हलवणं, पुन्हा हवा. पाच-सहा वेळा करायची तयारी ठेवा. सुटला की सिलिकॉन तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल नको. काही तेलं प्लॅस्टिकला आतून ठिसूळ करतात.

सैल सांधा: स्टेशनरीच्या दुकानातलं ॲक्रिलिक वॉर्निश गोळ्यावर बारीक ब्रशने पातळ लावा, सांधा सुटाच ठेवून रात्रभर वाळू द्या, मग जोडा. लागलं तर दुसरा थर. झटपट गोंद लावून हलवत राहायचा उपाय पुष्कळ जण सांगतात. एक क्षण चुकला तर सांधा कायमचा बसतो, म्हणून मी तो कुणाला सुचवत नाही.

तुटलेला पेग: दोन्ही तोंडांना हाताच्या ड्रिलने एक मिलिमीटरचं भोक, त्यात तारेचा तुकडा, आणि मग गोंद. नुसत्या गोंदाने वजन पेलत नाही. काही कंपन्या सांध्यासाठी पीओएम नावाचं गुळगुळीत प्लॅस्टिक वापरतात, त्याला झटपट गोंद धरतच नाही. तिथे तारच कामाला येते.

रंगासाठी मी शहापुरात गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या एका काकांकडे तीन रविवार बसलो. मूर्तिकार डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात. काकांनी मला आधी नुसता ब्रश धरायला लावला: करंगळी मूर्तीच्या गालाला टेकलेली, श्वास सोडून झाल्यावरच टोक खाली. "पातळ रंग, दोन वेळा. जाड एकदा न्हाई," हे त्यांचं सांगणं सहा इंची चेहऱ्यालाही तंतोतंत लागू पडतं. ॲक्रिलिक रंग वापरा, वर मॅट वॉर्निश. जादाचा ठिपका काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेली कापसाची काडी, तीही आधी पाठीमागे लपलेल्या जागी लावून बघून. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर घरात असतील तर टेबलापासून लांब ठेवा; ॲसिटोन एबीएसला विरघळवतं.

आपल्याकडचा पाऊस

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-आमगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना दमटपणा वेगळा सांगायला नको. शहरातही जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात. फिगरच्या अंगावरचं नकली चामडं बहुधा पॉलियुरेथेनचं असतं. दमट हवेत ते आतून सुटतं आणि पापुद्र्यांनी गळायला लागतं, आणि त्यावर घरचा इलाज नाही. त्यामुळे सीमाभागातल्या नवख्याने चामड्याचा कोट घातलेली महागडी १/६ फिगर पहिल्या वर्षी तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोट साच्यातच घडवलेला असेल तर तो पाऊस सोसतो.

मऊ पीव्हीसी बंद डब्यात राहिलं की चिकट होतं. त्यातला मऊपणा देणारा पदार्थ वर येतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, आणि सावलीत वाळवणं. पांढरे भाग उन्हाने पिवळे पडतात, म्हणून कपाट खिडकीसमोर नको. दिव्यांच्या फिगरमधले सेल काढून ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं पुढे ओढा, आणि उघडीप मिळेल त्या दुपारी तासभर दारं उघडी टाका. प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की त्या पुडीने पाणी भरून घेतलं असं समजून बदला, आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी वरच्या कप्प्यात मागे सरकवा. आमच्या घरी ही पुडी मृग लागला की ठेवतो आणि दसऱ्याला काढतो. खानापूरच्या पश्चिमेला राहणाऱ्यांनी दिवाळीपर्यंत राहू द्यावी.